देवरावच्या जीपचे ब्रेक

राजुऱ्याला बसस्टँडसमोर आमचं मोटारींच्या स्पेअर पार्टचं दुकान होतं. दुकान बाबांचं, पण त्यांचे डोळे अधू झाल्यावर काउंटरवर मी बसू लागले, ती पाय सुजायला लागेपर्यंत बसले. सुरुवातीला गिऱ्हाईक आत येऊन इकडेतिकडे बघायचं, मग विचारायचं, "भाऊ कुठी गेले?"

"भाऊ आत हायेत. काय पायजे ते मले सांगा."

"नाई, मंग येतो."

असे पुष्कळ गेले आणि पुष्कळ परतही आले, कारण तेव्हा आसपास दुसरं दुकान एकच होतं. हळूहळू त्यांना माझी सवय झाली आणि मी 'पार्टवाली बाई' झाले. त्यानंतर सगळ्यांनी मला एकच प्रश्न विचारला. "बाई, ओरिजिनल टाकू का लोकल?"

आता दुकान नाही, तरी प्रश्न सुटलेला नाही. परवा भाचजावयाचा फोन आला. नवी गाडी, ब्रेक पॅड झिजलेत, शोरूमवाला एक सांगतो, मेकॅनिक दुसरं सांगतो. "आत्याबाई, तुमी सांगा." मी म्हटलं, बाबा रे, मला नको विचारू. त्याला वाटलं मी रागावले. रागावले नव्हते, थकले होते. त्याला फोनवर जे सांगता आलं नाही ते इथे लिहिते.

आधी धंद्यातली गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं कळेल. गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या नावानं, तिच्या खोक्यात जो माल येतो त्याला आम्ही ओरिजिनल म्हणायचो. दुसऱ्या कोणी बनवलेला, स्वतःच्या नावानं विकलेला, तो लोकल. 'लोकल' म्हटलं की लोक नाक मुरडतात, पण लोकलमध्ये खूप फरक असतो. काही लोकल इतका चांगला की वर्षानुवर्षं तक्रार येत नाही. काही असा की बसवता बसवता हातात तुकडा येतो. आणि तिसरी जात असते, ती सगळ्यांत वाईट. माल कोणाचा ते देव जाणे, खोकं मात्र ओरिजिनलचं. लोकलवाला निदान आपलं नाव तरी लावतो.

बाबा पूर्वी लष्करात ड्रायव्हर होते. त्यांचा नियम सोपा होता. आरसा लोकल घ्या, हॉर्न लोकल घ्या, वायपर नसला तरी चालेल, पण ब्रेक ओरिजिनल. म्हणायचे, "जे गाडी चालत नाई ते घरी उभी राह्यते. जे थांबत नाई ते कुठी जाईन?" दुकानावर त्यांनी पाटी लावून घेतली होती, 'ब्रेकचे पार्ट फक्त ओरिजिनल'. त्या पाटीपायी आमची बरीच विक्री समोरच्या दुकानात गेली. बांबूचा एक ठेकेदार होता. स्वतःच्या पांढऱ्या ॲम्बेसेडरसाठी आमच्याकडे यायचा आणि मजूर नेणाऱ्या जीपसाठी समोर जायचा. बाबांनी त्याला एकदा विचारलं, "काऊन जी, मजुराच्या जीपले उतार लागत नाई का?" तो हसला. पुढच्या वेळी ॲम्बेसेडरसाठीही समोरच गेला.

ओरिजिनल यायचं नागपूरहून, एका शेठजींकडून. शेठजींचं नाव सांगत नाही. बाबांनी दुकान टाकलं तेव्हा मोठे व्यापारी आमच्यासारख्या माणसाला पायरीवर उभं ठेवून बोलायचे. आमच्या आजोबांनी छप्पन्न साली बौद्ध धर्म घेतला, पण बाजारानं आमच्याकडे बघण्याची नजर बदलली नव्हती. या शेठजींनी बाबांना गादीवर शेजारी बसवलं, स्वतःच्यासारख्याच कपात चहा दिला आणि म्हणाले, "रामटेके, माल घेऊन जा. भरवसा आहे." बाबा ही गोष्ट घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगायचे. त्यामुळे शेठजींचं खोकं आलं की आमच्या दुकानात ते उघडून तपासायची पद्धत नव्हती. तरी बाबा रबराचा प्रत्येक नग हातात घेऊन दाबून बघायचे, नखानं टोचायचे, नाकाशी धरायचे. एका डोळ्याचं ऑपरेशन साधलं नाही आणि दुसऱ्याचं करायला ते तयार झाले नाहीत, तेव्हापासून ही सवय वाढली. "डोये फसते, हात नाई फसत," म्हणायचे.

रबराचं काम काय ते सांगते. ब्रेकवर पाय दिला की तेल नळीतून चाकापाशी जातं. तिथे बोटभर लांब एक सिलिंडर असतो आणि त्याच्यात दोन रबरी वाट्या, बोराएवढ्या. तेल वाट्यांना ढकलतं, वाट्या पुढचं लोखंड ढकलतात, ते फिरत्या ड्रमला आतून घासतं आणि चाक थांबतं. रबर फुगलं तर चाक मोकळं सुटत नाही, घासत राहतं, तापतं. रबर फाटलं तर तेल बाहेर येतं आणि पाय थेट गाडीच्या तळापर्यंत खाली जातो. मग देवाचं नाव घ्यायचं, किंवा आमच्यासारख्यांनी नुसतं स्टिअरिंग धरायचं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट, साल नक्की आठवत नाही. उन्हाळा लागला होता. मी मावसबहिणीच्या लग्नाला बल्लारपूरला गेले होते आणि बाबा एकटे दुकानात होते. त्या दिवशी देवराव मडावी आला.

देवराव जिवतीकडचा. जुनी जीप घेऊन डोंगरातली माणसं गडचांदूरच्या बाजारात आणायचा आणि संध्याकाळी परत न्यायचा. तेव्हा वर एसटी क्वचित जायची, रस्ता म्हणजे गोटेच गोटे. आजारी माणूस, बाळंतीण, तुरीचं पोतं, कोंबड्या, सगळं त्याच्याच जीपमधून. अबोल, पण गाडीला जपणारा माणूस. ब्रेकचं रबर स्वतःच्या हातानं बदलायचा आणि ब्रेकचा माल आमच्याकडूनच न्यायचा. बाबांनी त्याला शेठजींच्या नव्या खोक्यातला चारही चाकांचा रबर-संच दिला. दाबून, हुंगून दिला.

मी लग्नाहून परत आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रहीमभाई आले. त्यांचं गॅरेज आमच्या बाजूलाच. माझ्यापेक्षा वयानं मोठे, मला 'बेटा' म्हणायचे. हातात ब्रेक-ऑइलनं भरलेली बशी होती, बगलेत रबराचं खोकं. ती त्यांनी माझ्यासमोर काउंटरवर ठेवली.

"बेटा, ये देख. कल तुमारे यहाँसे लिया. बसवायच्या आधी तेलात टाकून ठेवले, मी नेहमीच ठेवतो. गिऱ्हाईक आलं नाई, रातभर तसेच राह्यले."

बशीतल्या वाट्या भिजवलेल्या चण्यासारख्या टम्म फुगल्या होत्या. एक बोटात धरली तर बोटाला काळं लागलं.

"सिलिंडरमधी जातच नाई," रहीमभाई म्हणाले. "खोका तर ओरिजिनल आहे."

मी खोकं उजेडात नेलं. नाव बरोबर, रंग बरोबर. जुन्या खोक्याशेजारी ठेवलं तेव्हा दिसलं, अक्षरं किंचित जाड होती. एवढाच फरक.

बाबा आतून म्हणाले, "काय झालं वं?"

मी एक फुगलेली वाटी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी दाबली. पुन्हा दाबली. "हा आपला नाई."

"आपलाच हाय, बाबा. शेठजींच्या परवाच्या पार्सलातला."

"म्या दाबून पाह्यला होता."

"कोरडा असताना कळत नाई, भाऊ," रहीमभाई हळूच म्हणाले.

 बाबा एकदम उठून उभे राहिले, हात काउंटरवर चाचपडला. "प्रमिला, देवराव. देवरावले दिलो मी. चारी चाकाचा."

तो गडचांदूरच्या बाजाराचा दिवस होता. म्हणजे देवराव माणसं भरून घाट उतरणार. फोन करायचा तर जिवतीला करणार कुठे? रहीमभाईंनी मोटरसायकल काढली. त्यांना एकट्याला जाऊ द्यायचं मला पटेना, माल आमच्या दुकानातून गेला होता. शिवाय बसवायला दुसरं रबर हवं होतं, आणि शेठजींचा माल तर आता हातात धरवत नव्हता. मी वरच्या फळीवरून लोकलची पाकिटं काढली. बाबांच्या चोरून मी ती थोडीशी ठेवायचे, दूरवरचं गिऱ्हाईक रिकामं जाऊ नये म्हणून. रहीमभाईंनी वर्षभर काही गाड्यांना तीच बसवली होती. पाकिटांचा आवाज बाबांना ऐकू गेला असणार.

"लोकल हाय का ते?"

"हो."

"घेऊन जा," ते म्हणाले. "मी बसतो दुकानात."

गडचांदूरपर्यंतचा रस्ता मला आठवत नाही. पुढे चढ लागला तेव्हा मात्र प्रत्येक वळणावर मी रहीमभाईंच्या खांद्यावरून पुढे बघत होते. वरून गाडीचा आवाज आला की वाटायचं, हीच जीप. एक ट्रॅक्टर आला, मग लाकडं नेणारा ट्रक. रहीमभाई प्रत्येक वेळी मोटरसायकल अगदी कडेला घ्यायचे. 

जीप घाटाच्या माथ्यावर भेटली, एका मोहाच्या झाडाखाली उभी. अजून दोन सवाऱ्या मिळतात का म्हणून देवराव थांबला होता. आत-बाहेर माणसं लटकलेली, टपावर तुरीची पोती, एका म्हातारीच्या मांडीवर पाय बांधलेल्या कोंबड्या. मला बघून देवराव हसला. आमच्या दुकानाबाहेर त्यानं मला कधी पाहिलं नव्हतं.

"बाई, तुमी इथी? काय झालं?"

"देवरावभाऊ, गाडी खाली नेऊ नका. बाबांनी दिलेलं रबर नकली निघालं."

त्याचं हसू गेलं. "तुया बापानं दिला ना मले? ओरिजिनल म्हनून?"

"हो. त्यांनाही माहीत नव्हतं."

"दोन दिस झाले, गाडी चालून राह्यली. ब्रेक लागून राह्यला. आन आता तू म्हन्ते नकली?"

"लागते तवरच लागते," रहीमभाई म्हणाले. "गाडी जड चालते का, बोल."

देवरावनं पुढच्या चाकाकडे बघितलं. मागून एकजण ओरडला, "चाल ना बाप्पा, बाजार उठन!"

रहीमभाई खाली बसले, पुढच्या चाकाजवळ हात नेला आणि झटकन मागे घेतला. "गरम आहे."

"उनाचे दिस हाय, गरमच राहीन," देवराव म्हणाला.

रहीमभाईंनी मोटरसायकलला बांधलेली पाण्याची बाटली काढली आणि ड्रमवर ओतली. चर्र करून वाफ आली. माथ्यावरच्या सपाटीवरून, ब्रेक फारसा न दाबता आलेल्या, सावलीत उभ्या असलेल्या गाडीच्या चाकातून.

 मग ती कोंबड्यांची म्हातारी सगळ्यांच्या आधी खाली उतरली. तिच्यामागे बाकीचे. पोती टपावरच राहिली आणि माणसं पायवाटेनं घाट उतरायला लागली, बाजारासाठी. जाताना माझ्याकडे बघून एकजण दुसऱ्याला काहीतरी बोलला. शब्द कळले नाहीत, पण ते चांगलं नव्हतं एवढं कळलं.

झाडाखाली चारही चाकं उघडली. देवराव स्वतः नट सोडत होता, माझ्याकडे न बघता. मागची दोन चाकं ठीक वाटली, रबर थोडं मऊ पडलेलं, बस. पुढच्या उजव्या चाकातलं फुगून सिलिंडरच्या अंगाला चिकटलं होतं, स्क्रूड्रायव्हरनं काढावं लागलं. त्याच्या कडेला नखाएवढी चीर होती. तेल अजून गळालेलं नव्हतं.

रहीमभाईंनी ती चीर देवरावला दाखवली. त्यानं वाटी हातात घेतली, उजेडात धरली, बराच वेळ बघितली.

"एवढ्याशा चिरीनं काय होते?"

"खालच्या वळणापर्यंत काही झालं नसतं," रहीमभाई म्हणाले. "त्याच्या पुढचं मले माहीत नाई."

"म्हंजे झालं नसतं बी."

"नसतं बी."

हेच त्या धंद्यातलं दुखणं. ब्रेक फेल झाले की सगळ्या गावाला कळतं. झाले नाहीत तर कोणालाच काही कळत नाही, ज्यानं वाचवलं त्यालाही नाही. मी आजपर्यंत सांगू शकत नाही की त्या दिवशी जीप दरीत गेली असती. कदाचित ती सरळ गडचांदूरला पोचली असती आणि संध्याकाळी परतही आली असती.

नवं रबर बसवलं, तेल भरलं, नळीतली हवा काढली. देवरावनं पाकिटावरचं नाव वाचलं. "हे तर लोकल हाय."

"चांगलं आहे," मी म्हटलं.

"तुमच्या पाटीवर तर दुसरंच लिवलं हाय," तो म्हणाला. जीपमध्ये बसला आणि नुसत्या पोत्यांनिशी जीप घेऊन खाली गेला, पहिल्या गिअरमध्ये, हळूहळू. आम्ही मागून गेलो. प्रत्येक वळणाआधी त्याचा लाल दिवा लागत होता.

देवराव आमच्या दुकानात परत आला नाही. पुढं कित्येक वर्षं त्याची जीप बसस्टँडसमोर उभी राहायची आणि तो रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात जायचा. त्याला तिथे कसला हलका माल मिळत होता ते मला माहीत होतं. एकदा मी हाक मारली. त्यानं हात वर केला, पण आला नाही. बाजारात पसरलं की रामटेकेकडे डुप्लिकेट माल मिळतो. आम्हीच जाऊन सांगितलं नसतं तर हे पसरलं नसतं. याचं मला फार दिवस वाईट वाटलं. सांगितल्याचं नाही, त्याच्या वर केलेल्या हाताचं.

बाबांनी दुसऱ्याच दिवशी नागपूरला जायचं ठरवलं. बल्लारपूरहून रेल्वेनं आम्ही दोघं गेलो. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, त्यांच्या मांडीवर ते नकली खोकं. वाटेत एकदाच बोलले, "त्याईलेबी कोनं फसवलं असन. सांगून द्याव लागन."

शेठजींनी बाबांना नेहमीसारखं गादीवर बसवलं. चहा मागवला. बाबांनी खोकं पुढे ठेवून सगळं सांगितलं, देवराव, घाट, चीर. शेठजींनी खोकं उचललंही नाही.

"रामटेके, तुम्ही इतक्या लांब आलात. चिठ्ठी टाकली असती तर बदलून दिलं असतं."

"बदलून नको. तुमाले कोनं दिला हा माल, ते पाहा."

शेठजींनी खोकं बोटानं थोडं बाजूला सरकवलं. म्हातारे झाले होते तेही. मग म्हणाले, "हे बघा, कंपनीचा माल महिनोन्महिने येत नाही. गिऱ्हाईक रोज दारात उभं. सगळ्यांना ओरिजिनल पाहिजे, आणि ओरिजिनल आहे कुठे? जे पार्सल येतं ते मी पुढे पाठवतो. खोकं उघडून बघत नाही. उघडून बघितलं की मग विकता येत नाही."

मला वाटलं बाबा ओरडतील. त्यांनी मान शेठजींच्या आवाजाच्या दिशेनं वळवली आणि अगदी हळू बोलले. "शेठजी, मले दिसत नाई म्हनून मी पाहत नाई. तुमाले तं दिसते."

चहा आला होता. बाबांनी तो घेतला नाही. मला म्हणाले, "चाल." पायऱ्या उतरताना त्यांनी माझा खांदा धरला, एरवी ते कधी धरायचे नाहीत. शेठजी मागून काहीतरी म्हणाले, पण रस्त्यावरच्या आवाजात ऐकू आलं नाही. इतक्या वर्षांचा संबंध असा संपला, चहाच्या कपापाशी. बाबांनी पुन्हा ती पायरीवरची आणि गादीवरची गोष्ट कोणाला सांगितली नाही. पाहुणे यायचे आणि मी वाट बघायचे की आता सांगतील.

घरी आल्यावर त्यांनी पाटी काढायला लावली. मग म्हणाले, "दुकानातला सगळा ब्रेकचा रबर आन."

मी शेठजींकडचा सगळा माल आणला, नवा आणि जुना. जुन्यातला बराच खरा असणार, मी तसं म्हटलंही. बाबांनी दोन वाट्या दोन हातांत घेतल्या, दाबल्या, हुंगल्या, पुन्हा दाबल्या. मग दोन्ही माझ्याकडे धरल्या. "तूच सांग, खरा कोनता?"

मी बघितल्या. खिडकीपाशी नेऊन बघितल्या. मला सांगता येईना. तेलात रात्रभर ठेवून कळलं असतं, पण तेलात ठेवलेला नग कोणी विकत घेत नाही, आणि एका नगावरून शेजारच्याचा भरवसा देता येत नाही.

"कैची दे," ते म्हणाले.

फेकून दिलं तर कोणी उचलून विकेल, म्हणून त्यांनी एकेक वाटी मधोमध कापली. मी मदत करते म्हटलं तर नको म्हणाले. ओसरीवर बसून दुपारभर कापत राहिले, बोटांनी कड चाचपून, कात्री लावून. टोपल्यात काळे तुकडे साठत गेले. त्यात आमच्या दुकानाचा चांगला मालही गेला, किती गेला ते आम्हा दोघांनाही कळलं नाही. मधेच एकदा ते थांबले आणि बोटं चोळत म्हणाले, "इतकी वर्सं मले वाटे, मले समजते."  

सकाळी दुकान उघडलं. मी झाडत होते आणि बाबा काउंटरवर बसले होते. शाळेचे एक मास्तर आले, त्यांची जुनी फियाट होती.

"रामटेकेभाऊ, ब्रेकचा रबर पायजे. ओरिजिनल हाय ना?"

माझा झाडू थांबला. बाबांनी वरच्या फळीकडे हात केला, जिथे मी ती पाकिटं ठेवत होते. त्यांना जागा माहीत होती, कोण जाणे कधीपासून. पाकीट काढून त्यांनी मास्तरांसमोर ठेवलं.

"ओरिजिनल नाई, गुरुजी," ते म्हणाले. "चांगला हाय. रहीमभाईले इचारून घ्या, आन मंग न्या."